मॅग्नेशियमला हलक्यात घेऊ नका!

क्विझ टाइम! यंत्रं, गाड्या, विमानं बनवायला जे धातू वापरतात, त्यांत सगळ्यात हलका कोण? अ‍ॅल्युमिनियम? नाही! पहिला नंबर मॅग्नेशियमचा. एक घन सेंटिमीटर स्टील भरतं साधारण ७.८ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम २.७ ग्रॅम आणि मॅग्नेशियम जेमतेम १.७४!

म्हणूनच महागड्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या बॉडीत ते आहे, सडपातळ लॅपटॉपच्या सांगाड्यात आहे, हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सच्या कवचात आहे. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये तर इंजिन आणि गिअरबॉक्सची कवचं मिळून सुमारे २० किलो मॅग्नेशियम अलॉय (मिश्रधातू) असायचं. तीच ती गोलमटोल गाडी!

मग अख्खी गाडीच याची का नाही बनवत? कारण हा हिरो अंगाने दणकट, पण बाहेरून भलताच नाजूक. खारं पाणी लागलं की गंजतो, घासला की झिजतो. आणि ही दोन्ही दुखणी सुरू होतात ती वरच्या पातळ थरातून. मग तेवढाच थर बदलला आणि आतला हलकेपणा जसाच्या तसा ठेवला तर? इथेच लेझरची धमाकेदार एंट्री! एरवी ‘वरवरचा उपाय’ म्हटलं की आपण नाक मुरडतो. इथे वरवरचा उपाय हाच रामबाण!

समुद्राचं लेकरू, समुद्रालाच भिणारं

माहीत आहे का? एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. जुहू असो, गणपतीपुळे असो की कळंगुट, पायावर येणाऱ्या प्रत्येक लाटेत ते आहे! १९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात फ्रीपोर्ट इथे डाऊ कंपनीने थेट समुद्राच्या पाण्यातून हा धातू काढायला सुरुवात केली.

आणि समुद्रातून वर आलेला हा धातू सगळ्यात जास्त घाबरतो कोणाला? समुद्राच्याच पाण्याला! मिठातल्या क्लोराइडने गाठलं की त्याचं काही खरं नाही.

अ‍ॅल्युमिनियमचं सहसा तसं होत नाही, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा घट्ट थर चढतो. मॅग्नेशियमवरही चढतो, पण तोकडा! जेवढा धातू जळून ऑक्साइड बनतो, त्याच्या फक्त ८१ टक्के जागा तो ऑक्साइड व्यापतो. उरलेल्या जागेचं काय? फटी! आणि त्या फटींतून पाणी बिनधास्त आत.

तुमच्या बाथरूममधला शहीद

तुमच्याकडे स्टोरेज गीझर आहे का? मग त्याच्या टाकीत बहुधा मॅग्नेशियमची एक कांडी गुपचूप काम करतेय! दुरुस्तीवाले तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. तिचं काम एकच, स्वतः झिजून टाकी वाचवायची. मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन द्यायला इतकं उतावीळ असतं (विद्युत विभव थेट उणे २.३७ व्होल्ट!) की शेजारच्या पोलादाची पाळी येण्याआधी तेच पुढे होतं.

गीझरमध्ये हा गुण. इंजिनात मात्र हाच दुर्गुण! मॅग्नेशियमच्या भागाला स्टीलचा बोल्ट लावला आणि मध्ये पाणी शिरलं की मॅग्नेशियम झिजलंच म्हणून समजा.

आणखी एक धक्का. एक ग्रॅम मॅग्नेशियम पाण्यात पूर्ण विरघळलं तर सुमारे एक लिटर हायड्रोजन वायू सुटतो! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये लागणार आहे.

स्वभाव जरा जळका!

शाळेच्या प्रयोगशाळेतली मॅग्नेशियमची फीत आठवते? बाईंनी चिमट्यात धरून पेटवली आणि अख्खा वर्ग डोळे चोळत बसला! जुन्या फोटोग्राफरांच्या फ्लॅशमध्येही हाच लख्ख उजेड होता.

माहीत आहे का? ही आग कार्बन डायऑक्साइडमध्येसुद्धा विझत नाही! जळतं मॅग्नेशियम त्या वायूतला ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि मागे काळा कार्बन टाकून देतं. नायट्रोजनमध्येही ते खुशाल जळतं. पाणी मारलं तर त्यातून हायड्रोजन सुटतो आणि आग आणखी भडकते.

याच भीतीतून एक देखणी फॅशन जन्माला आली. १९३५ मध्ये बुगाटीने पॅरिसला ‘एरोलिथ’ नावाची गाडी मांडली. बॉडी होती ‘इलेक्ट्रॉन’ नावाच्या मॅग्नेशियम अलॉयची. वेल्डिंग करावं तर पेट घेण्याचा धोका! म्हणून पत्र्यांच्या कडा बाहेर वळवून रिव्हेट मारले आणि गाडीच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक उभी शिवण आली. पुढच्या ‘अटलांटिक’ गाड्या अ‍ॅल्युमिनियमच्या निघाल्या, पण ती शिवण काही सुटली नाही. स्टाइलच बनली होती ना!

पण या धातूने दुःखही दाखवलं आहे. ११ जून १९५५, फ्रान्समधली ल मान्सची शर्यत. मर्सिडीज ३०० एसएलआर गाडी उडाली आणि तिचे तुटलेले भाग प्रेक्षकांत शिरले. ८० हून अधिक माणसं गेली. गाडीची बॉडी मॅग्नेशियम अलॉयची होती आणि ती आग विझता विझेना.

मग अशा धातूवर लेझर सोडायचा? हो, बिनधास्त! पण आर्गॉन वायूच्या पहाऱ्यात. आर्गॉन कोणाशीच संबंध जोडत नाही, त्यामुळे वितळलेल्या मॅग्नेशियमला जळायला सोबतीच मिळत नाही. शिवाय मॅग्नेशियमचा जाड तुकडा उष्णता झपाट्याने आत ओढून घेतो. फितीसारखा तो एका ठिणगीत पेटत नाही.

आता कॉलर टाइट करा!

जगातला पहिला लेझर चमकला १६ मे १९६०ला, कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे. थिओडोर मायमन यांनी माणकाच्या म्हणजे रुबीच्या कांडीतून तो लाल झोत काढला. पण कारखान्यात धातू कापायचे, जोडायचे, वितळवायचे तर दमदार लेझर हवा. तो कोणी दिला?

माहीत आहे का? बारामतीत जन्मलेल्या माणसाने! चंद्र कुमार नारणभाई पटेल, जन्म १९३८, बारामती. शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे आपल्या सीओईपीत. तिथून थेट स्टॅनफर्ड आणि मग अमेरिकेतली बेल लॅब्ज. १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. सुरुवातीला त्याची ताकद अगदीच चिमुकली होती. मग वायूत नायट्रोजन मिसळला आणि मीटरचा काटा उसळला! पुढे १९९६ मध्ये अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स त्यांना मिळालं.

धातूंच्या पृष्ठभागावर लेझर चालवण्याच्या कामात कित्येक वर्षं हाच कार्बन डायऑक्साइड लेझर आघाडीवर होता. मॅग्नेशियमवरच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या प्रयोगांतही तोच! जो वायू जळत्या मॅग्नेशियमला विझवू शकत नाही, त्याच वायूचा लेझर मॅग्नेशियमला सुधारतो. याहून भारी प्लॉट ट्विस्ट कुठे सापडणार?

एक अडचण होती. या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. ती डोळ्यांना दिसत नाही आणि चकचकीत मॅग्नेशियम तिचा मोठा हिस्सा परतवून लावतं. १९६४ मध्येच बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या एनडी-याग लेझरची तरंगलांबी याच्या दहाव्या हिश्श्याएवढी, १.०६ मायक्रॉन. धातू ती जास्त पचवतो. आजचे फायबर लेझरही साधारण याच पट्ट्यातले.

बारा लाख सूर्य, फक्त एक मिलिमीटरवर

थोडं गणित, पण मजेचं! एक किलोवॉटचा लेझर घ्या, म्हणजे घरातल्या इस्त्रीएवढीच ताकद. तो एक मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर गोळा करा. त्या ठिपक्यावर भर दुपारच्या उन्हाच्या १२ लाख पटींहून जास्त तीव्रता येते! मॅग्नेशियम ६५० अंश सेल्सिअसला वितळतं. तिथे पोहोचायला कितीसा वेळ लागणार?

पण खरी जादू वितळण्यात नाही, थिजण्यात आहे. झोत पुढे सरकला रे सरकला की खालचा थंडगार धातू वरची उष्णता शोषून घेतो. थंड होण्याचा वेग सेकंदाला लाखो अंश! सेकंदाला दहा लाख अंशांचा वेग धरला तर ६५० अंशांवरून खोलीच्या तापमानाला यायला एक मिलिसेकंदही लागणार नाही.

आणि या घाईचा फायदा काय? खडीसाखर आठवा. पाक निवांत, दिवसेंदिवस थंड होऊ दिला तर खडे टपोरे होतात. घाईघाईत थिजवला तर कण बारीक. धातूचंही अगदी तसंच! साच्यात हळू थिजलेल्या मॅग्नेशियमचे कण मोठाले, लेझरने थिजवलेले अगदी सूक्ष्म. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग कठीण. कण बारीक केल्याचं बक्षीस मॅग्नेशियमला अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही जास्त मिळतं, कारण त्याची स्फटिकरचना षटकोनी ठेवणीची आहे आणि तिला घसरायला वाटा कमी असतात.

पुरावा पाहिजे? हा घ्या. आयआयटी खरगपूर आणि जर्मनीतल्या क्लाउस्थालच्या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी एमईझेड नावाच्या मॅग्नेशियम अलॉयवर कार्बन डायऑक्साइड लेझर फिरवला. २००३ मध्ये निकाल छापून आले. विकर्स मोजमापात ३५ असलेला कठीणपणा पोहोचला ८५ ते १०० वर! वर काही फासलं नाही, लेप दिला नाही. त्याच धातूचा वरचा थर फक्त वितळवला आणि थिजवला. बारामतीकरांनो, टाळ्या झाल्याच पाहिजेत!

एझेड९१: नावातच रेसिपी

मॅग्नेशियम अलॉयची नावं गाडीच्या नंबरप्लेटसारखी दिसतात. एझेड९१, एझेड३१, डब्ल्यूई४३! उलगडून बघा. ए म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, झेड म्हणजे झिंक. मग एझेड९१ म्हणजे साधारण ९ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि १ टक्का झिंक. डब्ल्यू म्हणजे इट्रियम, ई म्हणजे दुर्मिळ मृदा धातू. झालं, मेन्यूकार्ड वाचता आलं!

एझेड९१ च्या आत एक घरभेदी बसलेला असतो. मॅग्नेशियमचे १७ आणि अ‍ॅल्युमिनियमचे १२ अणू मिळून बनलेला, बीटा नावाचा. तो ढेकळाढेकळांनी पसरला असेल तर भोवतालच्या मॅग्नेशियमला गंजायला लावतो. पण बारीक, सलग जाळीसारखा पसरला तर तोच गंजापुढे भिंत बनून उभा राहतो! लेझर नेमकं हेच करतो. ढेकळं वितळवतो आणि अ‍ॅल्युमिनियम सगळीकडे सारखं वाटून टाकतो. घरभेदी तोच, ड्युटी मात्र वॉचमनची!

आता ऐका त्याहून भन्नाट. मॅग्नेशियम १,०९० अंशांच्या आसपास उकळतं, अ‍ॅल्युमिनियम अडीच हजारांच्या आसपास. लेझरच्या भट्टीत थोडं मॅग्नेशियम वाफ होऊन उडून जातं आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहतं. बाहेरून चिमूटभरही काही न घालता पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियमचा टक्का आपोआप वाढतो! आणि अ‍ॅल्युमिनियम वाढलं की गंजाला तोंड द्यायची ताकद वाढते.

सगळ्याच अलॉयना सारखाच फायदा होतो असं मात्र नाही. ज्यात मुळात अ‍ॅल्युमिनियम भरपूर, त्याची चांदी. एझेड३१ सारख्या कमी अ‍ॅल्युमिनियमच्या अलॉयवर निकाल कधी झकास, कधी यथातथा. शिवाय लेझर पट्ट्यापट्ट्यांनी फिरतो आणि जिथे एक पट्टा दुसऱ्यावर चढतो तिथे धातू पुन्हा तापतो. गंज बरेचदा त्याच शिवणीवर डोळा ठेवून असतो. मशीनचा वेग, ठिपक्याचा आकार, पट्ट्यांमधलं अंतर हे सगळं जुळवणं म्हणजे खरं कसब!

वरून मसाला टाका!

नुसतं वितळवून समाधान नाही? मग वितळलेल्या डबक्यात पावडर सोडा! मिसळून गेली तर ते अलॉयिंग, वर वेगळा थर बनून बसली तर क्लॅडिंग. सिलिकॉन कार्बाइड, अ‍ॅल्युमिना अशा सिरॅमिकचे कण घातले की घासाघाशीला पृष्ठभाग पुरून उरतो.

पण जोडीदार जपून निवडावा लागतो. अ‍ॅल्युमिना वितळतं २,००० अंशांच्या पुढे. तोवर बिचारं मॅग्नेशियम उकळून हवेत! उलट अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६०ला आणि मॅग्नेशियम ६५०ला, फरक फक्त दहा अंशांचा. छत्तीस गुण जुळले! तरी एक कुरबूर आहेच. या दोघांच्या मिलनातून बनणारी संयुगं कठीण असतात, पण ठिसूळसुद्धा. थर जाड केला की तडे जायची भीती.

आणि निकेल? एरवी धातूंच्या दुनियेतला स्टार, इथे मात्र विष! उच्च शुद्धतेच्या एझेड९१डी मध्ये निकेलची कमाल मर्यादा आहे ०.००२ टक्के आणि लोखंडाची ०.००५ टक्के. त्यापुढे गेलात की गंजाला मोकळं रान.

काळा रंग, पाणी आणि दणका

माहीत आहे का? लेझर धातूला न वितळवताही सुधारू शकतो! लेझर शॉक पीनिंगची ही कृती ऐका. धातूवर काळा रंग किंवा काळी टेप लावा. वरून पाण्याचा पातळ पडदा सोडा. आता काही अब्जांश सेकंदांचा जबरदस्त लेझर झटका द्या. रंगाचा क्षणात प्लाझ्मा, म्हणजे तापलेला विद्युतभारित वायू, होतो. त्याला फुगायचं असतं, पण पाणी वर दाबून धरतं. मग सगळा दणका खाली! दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजारो पट, सहज दहा हजार पटींच्या पुढे. धातूच्या आत, जवळपास मिलिमीटरभर खोलीपर्यंत, सगळं दाबून घट्ट बसतं. दाबलेल्या धातूत तडा सहजासहजी पसरत नाही.

ही युक्ती १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बॅटेल संस्थेत आकाराला आली आणि १९९० च्या दशकात बी-१ बॉम्बर विमानाच्या इंजिनातल्या पात्यांचं आयुष्य वाढवायला वापरली गेली. ती पाती टायटॅनियमची. पुढे हाच दणका मॅग्नेशियम-कॅल्शियम अलॉयवर देऊन पाहिला गेला, तोही हाडांच्या इम्प्लांटसाठी!

चला ऑपरेशन थिएटरमध्ये

तुमच्या अंगात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम आहे आणि त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत. शरीराला हा धातू अजिबात परका नाही. मग मोडलेल्या हाडाला मॅग्नेशियमचा स्क्रू लावला तर? हाड जुळेपर्यंत धरून ठेवेल आणि नंतर विरघळून जाईल. स्क्रू काढायचं दुसरं ऑपरेशनच नको!

कल्पना नवी वाटते? १८७८ मध्ये एडवर्ड ह्यूस या अमेरिकन डॉक्टरांनी रक्तवाहिन्या बांधायला मॅग्नेशियमच्या तारा वापरल्या होत्या! १९०६ च्या सुमारास बेल्जियमचे सर्जन आल्बें लांबोत यांनी पायाच्या हाडाला मॅग्नेशियमची पट्टी लावली, पण खिळे घेतले सोन्याचा मुलामा दिलेल्या स्टीलचे. गीझर आठवला का? दोन वेगळे धातू, मध्ये शरीराचं खारं पाणी! आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू भरला. ग्रॅममागे लिटरभर हायड्रोजन, तो हाच.

स्टीलचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०, मॅग्नेशियमचा ४५ च्या आसपास आणि हाडाचा त्याहूनही कमी. इम्प्लांट फार ताठ असलं की सगळा भार तेच उचलतं आणि हाड आळसावून कमकुवत होतं. मॅग्नेशियम हाडाला त्याच्या वाटणीचं काम करू देतं!

आज ही गोष्ट प्रत्यक्षात आली आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एका कंपनीच्या मॅग्नेशियम स्क्रूला २०१३ मध्ये युरोपची मान्यता मिळाली, तर २०१६ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या ‘मॅगमारिस’ या विरघळणाऱ्या मॅग्नेशियम स्टेंटला.

इथे लेझरचं काम पार बदलतं. इंजिनात गंज थांबवायचा होता. शरीरात गंज हवाच, पण टायमर लावून! हाड जुळायला साधारण १२ आठवडे मजबुती टिकायला हवी, मग खुशाल विरघळा. पृष्ठभागावरचे कण किती बारीक, अ‍ॅल्युमिनियम किंवा इट्रियम किती सारखं पसरलेलं, वितळवलेला थर किती जाड, यावर हा टायमर मागेपुढे करता येतो. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठात डब्ल्यूई४३ वर यासारखेच लेझर उपचार अभ्यासले गेले. तिथे वापरलेला एक्सायमर लेझर कोणत्या घराण्यातला, सांगू? चष्मा घालवणाऱ्या लेसिक ऑपरेशनमधला लेझर त्याचाच भाऊबंद!

अमेरिकेत नॉर्थ टेक्सास विद्यापीठात नरेंद्र दहोत्रे यांच्या गटाने एझेड३१बी वर लेझरने नक्षी उमटवली, पृष्ठभाग अधिक ओला व्हावा म्हणून! पाण्याचा थेंब पसरला की हाडाच्या पेशींनाही चिकटायला, वाढायला सोपं जातं.

आणि हाच लेझर, नक्षी बदलून आणि वर एक अगदी पातळ रासायनिक लेप देऊन, बरोबर उलटं कामही करतो. थेंब पडला की मोत्यासारखा गोल होतो आणि टुणकन घरंगळतो. म्हणजे पाण्याला सगळ्यात जास्त घाबरणारा हा धातू पाणी अंगालाच लावून घेत नाही!